गाडीचा विमा काढताय, पण बॅटरीचं काय?

वाचक लिहितात: "मी वडगाव बुद्रुकला राहते आणि गणिताच्या शिकवण्या घेते. जुनी पेट्रोलची स्कूटर काढून इलेक्ट्रिक घ्यायची ठरवली आहे. किंमत सव्वा लाख, मोटर चार किलोवॉटची. शोरूमवाले विम्याचे साडेनऊ हजार सांगतात. भाच्याने मोबाइलवर बघितलं तर तोच विमा साडेपाच हजारांत मिळतोय. यांचं म्हणणं, विमा म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद, स्वस्तातला घेऊन टाक. गाडी यांच्याच नावावर घेणार आहोत, म्हणजे जुन्या गाडीचा बोनस वाया जाणार नाही. चालवणार मात्र मी. कधीमधी मुलगी चालवेल, तिचं लर्निंग लायसन्स नुकतंच आलंय. भाचाही संध्याकाळी दोन-तीन तास पार्सल पोचवायच्या कामाला गाडी मागतोय. आमच्या सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला आहे आणि २०२४ च्या जुलैत तिथे पाणी भरलं होतं, त्याची धास्ती आहे. शिवाय सासऱ्यांना भाजी-दूध आणायला छोटी, बिना नंबरची इलेक्ट्रिक घ्यावी म्हणतोय. तिला विमा लागतो का?"

ताई, नमस्कार.

तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पोलिसांना दाखवायचा कागद लागतोच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे. तो नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार दंड आहे, आणि तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. पण हा सक्तीचा भाग स्वस्तात कुठेच मिळत नाही, कारण त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. तेव्हा साडेनऊ आणि साडेपाचमधला फरक तिथला नाही. तो कुठला आहे ते आधी बघू. तुम्ही गणिताच्या बाई आहात, हिशेब पटकन लक्षात येईल.

जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात तीन ते सात किलोवॉटच्या ई-दुचाकीला थर्ड पार्टीचा दर वर्षाला ६०७ रुपये आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्याचे होतात ३,२७३ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३,८६२. एवढी रक्कम दोन्ही कोटेशनमध्ये असणारच. ती बाजूला काढा. शोरूमच्या साडेनऊ हजारांत उरले ५,६३८ आणि भाच्याच्या साडेपाच हजारांत १,६३८. खरी तुलना या दोन आकड्यांची करायची.

आता मला शंका येते ती त्या १,६३८ ची. गाडीमालकाचा अपघाती विमा पाच वर्षांचा एकदम घेतला, तर एवढ्याच्या आसपास पैसे त्यालाच जातात. म्हणजे भाच्याला सापडलेला 'तोच विमा' बहुधा तो नव्हेच. त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओडी म्हणतात, तो भागच नसावा. मोबाइलवर पहिल्या पानावर स्वस्तातलं दाखवतात आणि 'थर्ड पार्टी ओन्ली' हे शब्द बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात असतात. भाच्याला विचारा, ओडीची ओळ आहे का? असली तर आयडीव्ही किती धरलीय?

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. नव्या गाडीला शोरूम किमतीतून पाच टक्के वजा करतात. तुमच्या सव्वा लाखाच्या गाडीला तो १,१८,७५० च्या आसपास यायला हवा. प्रीमियम कमी दिसावा म्हणून काही ठिकाणी हा आकडाच खाली ओढलेला असतो. किरकोळ रक्कम वाचते आणि चोरीच्या वेळी दहा-पंधरा हजार जातात.

नुसत्या थर्ड पार्टीबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुण्यात दुचाकीच्या मागच्या सीटवर कोणी नाही असं क्वचितच घडतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्या माणसाला ती लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. रस्त्यावरचा अनोळखी माणूस त्यात धरला जातो, तुमच्या मागे बसलेली तुमची मुलगी नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या पॉलिसीत, मागे बसणारा येतो. माझ्या दृष्टीने ओडीसकट पॉलिसी घ्यायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

हे झालं कुठल्याही दुचाकीचं. इलेक्ट्रिकचं दुखणं निराळं आहे आणि ते सीटखाली बसलेलं आहे. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, एकट्या बॅटरीचा असतो. पेट्रोलच्या स्कूटरची बॅटरी गेली तर दीड-दोन हजारांत काम होतं, म्हणून तिच्या कलमाकडे कोणी कधी बघितलंच नाही. त्या जमान्यात लिहिलेलं ते कलम आजही बऱ्याच पॉलिसींमध्ये तसंच आहे: रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर पन्नास टक्के घसारा. गाडी काल घेतलेली असली तरी पन्नासच. समजा पुरात बॅटरी गेली आणि नवीन ५५,००० ला पडली, तर २७,५०० तुमच्या खिशातून. धातूच्या भागांचं तसं नाही. पहिले सहा महिने त्यांवर काहीच कापत नाहीत, पुढे गाडीच्या वयाप्रमाणे हळूहळू वाढवत नेतात.

यावर शोरूममधला मुलगा सांगेल, "मॅडम, झिरो डेप घ्या, सगळं कव्हर." झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं अ‍ॅड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर), घ्याच. स्कूटरचं निम्मं अंग प्लॅस्टिकचं असतं, नवले पुलाच्या उतारावर एकदा घसरली की पुढचा पॅनेल, मडगार्ड, हेडलाइटची चौकट सगळंच बदलावं लागतं. पण झिरो डेपमध्ये बॅटरी आपोआप येते असं धरून चालू नका. काही कंपन्यांच्या झिरो डेपमधून टायर आणि बॅटरी वगळलेल्या असतात आणि बॅटरीसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं. काही ठिकाणी बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांचं मिळून एकच कव्हर असतं. नावं प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे नावावर जाऊ नका. तीन प्रसंग समोर ठेवा आणि एजंटला किंवा कंपनीला ईमेलवर विचारा: या प्रसंगात बॅटरीचे पैसे किती मिळतील? फोनवरचं "हो हो, मिळतील" धरायचं नाही. उत्तर लेखी हवं.

पहिला प्रसंग पाण्याचा. तुमच्या बाबतीत हाच सगळ्यात महत्त्वाचा. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांची पार्किंगं बुडाली. त्याआधी २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं तेही तुम्हाला आठवत असेल. पूर हा साध्या ओडी पॉलिसीतच येतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. अडचण पुढे येते. बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याने काही होत नाही, असं विकताना सांगतात. आयपी ६७ चा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास. बेसमेंटमधलं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, आणि त्यात गाळ असतो. शिवाय चार्जिंगचं तोंड, कनेक्टर, कंट्रोलर, मीटर हे सगळं बॅटरीच्या पेटीबाहेर असतं. दोन दिवसांनी गाडी पुसून चालू होते, आणि महिन्याने कनेक्टरला गंज चढून बंद पडते. तेव्हा विमा कंपनी म्हणते हा पुराचा परिणाम नाही, झीज आहे. वॉरंटीकडे गेलात तर ते म्हणतात गाडी पाण्यात बुडाली होती, वॉरंटीत बसत नाही. दोघांच्या मध्ये तुम्ही.

म्हणून पाणी भरलं की काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. गाडी चालू होते का ते बघायचं नाही. चार्जिंगला लावायची तर नाहीच. पाणी कुठवर चढलंय याचे फोटो काढायचे, त्यात नंबर प्लेट दिसायला हवी. त्याच दिवशी कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला न्यायची. "बटण दाबून बघितलं" एवढ्या एका वाक्यावर कंपनी पुढचं नुकसान तुमच्या माथी मारू शकते. पुढचं म्हणजे पाण्यामुळे नंतर झालेलं शॉर्ट सर्किट. ते भरून देणारं अ‍ॅड-ऑन मिळतं, आणि तुमच्या पार्किंगचा इतिहास बघता ते तुम्ही घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. बाणेरच्या टेकडीवर राहणाऱ्या बाईंनी पत्र पाठवलं असतं तर मी आग्रह धरला नसता.

दुसरा प्रसंग, बॅटरी जळणं किंवा बंद पडणं. मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ई-स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरला होता. त्या काळात देशात अशा आगी लागोपाठ लागल्या, सरकारने चौकशी नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. हे सुधारित नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी, वापरलेली ई-स्कूटर घेणाऱ्यांनी तरी गाडी कधीच्या बनावटीची आहे ते जरूर बघावं. विम्यापुरतं सांगायचं तर आग आणि आपोआप पेट घेणं साध्या ओडीत येतं. पण बॅटरी न जळता नुसतीच मेली, म्हणजे आतला सेल गेला, विजेच्या दाबाने चार्जिंगचं सर्किट उडालं, तर साध्या पॉलिसीत विद्युत बिघाड वगळलेला असतो. जळली तर पैसे, नुसती बंद पडली तर नाहीत. महावितरणच्या कमी-जास्त दाबाचा अनुभव तुमच्या भागात असेल तर हा प्रश्न खास विचारा. दरवर्षी बॅटरीची रेंज थोडी थोडी कमी होते, त्याला मात्र कुठलाच विमा नाही. ते वॉरंटीचं काम, आणि वॉरंटीतही किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बदलून देणार हे बघावं लागतं.

आणि चार्जिंग गाडीच्या कंपनीने दिलेल्या चार्जरनेच करा. दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली एक्स्टेन्शन वायर, तिला मध्ये चिकटपट्टीने जोडलेला तुकडा, असं दृश्य आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत दिसतं. उद्या आग लागली तर नुकसान तपासायला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी ती वायर बघतो.

तिसरा प्रसंग चोरीचा. तुमची बॅटरी काढून वर नेता येणारी आहे की गाडीत कायमची बसवलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढता येणारी असेल तर नीट ऐका. दुचाकीच्या पॉलिसीत एक कलम असतं: अ‍ॅक्सेसरीची चोरी झाली तर गाडीही त्याच वेळी चोरीला गेलेली असेल तरच पैसे. मिररसारख्या वस्तूंसाठी ते ठीक आहे. पण गाडी जागेवर आणि बॅटरी गायब, अशा वेळी बॅटरी ही अ‍ॅक्सेसरी की गाडीचा भाग, यावर वाद सुरू होतो. वाद जिंकता येतोही, पण तोवर गाडी उभी. तेव्हा 'फक्त बॅटरी चोरीला गेली तर' असं स्पष्ट लिहून विचारा. चार्जरचंही त्यातच विचारून घ्या. घरी ठेवलेला चार्जर हा वेगळा नग असतो, पॉलिसीत त्याची नोंद नसेल तर तो मोजलाच जात नाही. बॅटरी भाड्याने घेण्याची योजना असेल, म्हणजे गाडी आपली आणि बॅटरी कंपनीची, तर आयडीव्हीत बॅटरी धरली आहे की नाही आणि ती गेली तर भरपाई कोणाला देय आहे, हे करारात बघा.

या तीन प्रश्नांची ज्याच्याकडून सरळ लेखी उत्तरं येतील, त्याच्याकडून विमा घ्या. हजार रुपये जास्त पडले तरी चालतील. शोरूममधूनच घ्यायला हवा असं बंधन नाही. कोणतीही कंपनी तुम्ही निवडू शकता आणि शोरूमला सक्ती करता येत नाही. "बाहेरचा विमा आणलात तर डिलिव्हरी उशिरा होईल" असं कुजबुजतात, त्याकडे दुर्लक्ष करा. मात्र शोरूमच्या पॉलिसीत एक फायदा असू शकतो: गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कॅशलेस. इलेक्ट्रिकला नाक्यावरचा मेकॅनिक हात लावत नाही, आणि लावू देऊही नये. तुमच्या जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर ज्या विमा कंपन्यांचं कॅशलेस करतं त्यांची यादी तिथल्या काउंटरवर मागा, आणि निवड त्या यादीतूनच करा. नाहीतर आधी पन्नास हजार भरायचे आणि मग परताव्याची वाट बघायची.

आता गाडी कोणाच्या नावावर, हा मुद्दा. इथे मी तुमच्या यजमानांच्या विरोधात जाणार आहे.

जुन्या गाडीचा बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, गाडीची नसते, मालकाची असते. वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी पन्नासवर जाते. जुनी गाडी विकताना जुन्या विमा कंपनीकडून तिचं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नव्या दुचाकीला लावता येते. इथपर्यंत यजमानांचं बरोबर. पण ही सूट फक्त ओडीच्या रकमेवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. तुमच्या गाडीची ओडीची रक्कम बघता पन्नास टक्के म्हणजे फार तर हजार रुपये.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. गाडीमालकाकडे आधीपासून तेवढा विमा नसेल तर पंधरा लाखांचा अपघाती विमा या पॉलिसीबरोबर घ्यावाच लागतो. तो मालक-चालकाचा असतो, गाडी चालवणाऱ्या कोणाचाही नाही. गाडी यजमानांच्या नावावर असेल आणि तुम्हाला अपघात झाला, तर या पंधरा लाखांतला एक रुपया तुम्हाला लागू होत नाही. चालवणार तुम्ही, विमा मात्र घरी बसलेल्याचा! हजार रुपयांचा बोनस वाचवून पंधरा लाखांचं कव्हर गमवायचं, हे गणित तुम्ही फळ्यावर लिहिलंत तर वर्गातली मुलंही हसतील. गाडी तुमच्या नावावर घ्या. तुमचं लायसन्स चालू मुदतीचं आहे ना, ते बघून घ्या, कारण त्याशिवाय हा अपघाती विमा मिळत नाही. आणि यजमानांनी बोनसचं पत्र तरीही घेऊन ठेवावं. तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावावर दुसरी दुचाकी घेतली तर कामाला येईल.

मुलीसाठी तुमच्या घरात स्वतंत्र अपघाती विमा असलेला बरा. वर्षाला काही शे रुपयांत तो मिळतो आणि कुठलीही गाडी चालवताना, बसमध्ये, रस्त्याने चालतानाही लागू असतो. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवली तरी विमा चालतो, पण नियम पाळले असतील तरच. पुढे-मागे 'एल' लावलेला हवा आणि मागे पक्कं लायसन्स असलेलं, शिकवणारं माणूसच हवं. मैत्रिणीला मागे बसवून एफसी रोडला चक्कर, हे पक्कं लायसन्स आल्यावर.

भाच्याला मात्र नाही म्हणा. नात्यात वाईटपणा येईल, येऊ द्या. तुमची पॉलिसी खासगी वापराची आहे. भाड्याने, मोबदल्यासाठी, माल पोचवण्यासाठी वापर हा त्यात स्पष्ट वगळलेला असतो. खांद्याला पार्सलची मोठी चौकोनी बॅग असताना अपघात झाला तर ती बॅग पोलिसांच्या पंचनाम्यात येते, आणि पंचनामा विमा कंपनीकडे जातो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर जाईलच. त्याहून गंभीर म्हणजे समोरच्या माणसाला इजा झाली तर कंपनी त्याला कोर्टाच्या आदेशाने पैसे देते आणि मग ते गाडीमालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल करायला येते. अशी प्रकरणं कोर्टात नेहमी चालतात. त्याला हे काम करायचंच असेल तर त्याने स्वतःची गाडी त्या वापराच्या नोंदणीने आणि विम्याने घ्यावी.

बाकीच्या अ‍ॅड-ऑनबद्दल थोडक्यात. रोडसाइड असिस्टन्स इलेक्ट्रिकला उपयोगाचा, कात्रजच्या घाटात चार्जिंग संपलं तर पेट्रोलसारखी बाटलीतून भरता येत नाही. पण गाडीची कंपनी पहिलं वर्ष तो देत असेल तर दोनदा पैसे देऊ नका. 'रिटर्न टू इनव्हॉइस' म्हणजे गाडी गेली तर आयडीव्हीऐवजी बिलाची रक्कम. पहिल्या वर्षी आयडीव्ही बिलाच्या जवळच असते आणि महाराष्ट्रात ई-दुचाकीला रोड टॅक्स माफ आहे, त्यामुळे परत मिळण्यासारखं फारसं राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आयडीव्ही वीस-तीस टक्क्यांनी उतरल्यावर, त्याला अर्थ येतो. स्वतःहून जास्त वजावट स्वीकारून, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम आपणच भरायचं कबूल करून, प्रीमियम कमी करायचा पर्याय दाखवतील. दुचाकीच्या विम्यात वाचणारे पैसे इतके किरकोळ असतात की मी त्याच्या वाटेला जात नाही.

पॉलिसी हातात आली की तिच्यावर दोन वेगवेगळ्या तारखा शोधा. थर्ड पार्टी पाच वर्षांनी संपते, ओडी एका वर्षाने. "विमा पाच वर्षांचा काढलाय" एवढंच डोक्यात राहतं आणि दुसऱ्या वर्षी ओडीचं नूतनीकरण राहून जातं. पोलीस अडवतात तेव्हा कागद चालू असतो, त्यामुळे कळतही नाही. कळतं ते गाडी चोरीला गेल्यावर. ओडी संपून नव्वद दिवस उलटले तर साठलेला बोनसही जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिहा आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं की त्यावरही उतरवा.

डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी बिलावर बॅटरीचा आणि चार्जरचा सिरियल नंबर लिहून घ्या, दोन्हींवरच्या स्टिकरचे फोटो काढा आणि ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही मागते, आणि एक हरवलेली असली की प्रश्नांची फैर सुरू होते. पुढे वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली तर नवा नंबर विमा कंपनीला कळवा.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे. आणि तिथे तुमच्या हातात काय लागेल तर आत्ता घेतलेली ती तीन लेखी उत्तरं.

सासऱ्यांच्या गाडीबद्दल. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं असेल तर कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विम्याची सक्ती नाही. पण दुकानदार "२५ चीच आहे" म्हणून विकतो आणि चाळीसने पळते, असल्या गाड्या पुण्यात भरपूर दिसतात. तशी निघाली तर ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते आणि कोणाला धडक बसली तर भरपाई घरातून द्यावी लागते. म्हणून गाडीला मान्यताप्राप्त संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र आहे का ते मागा आणि बिलावर मोटरचे वॉट छापून घ्या. खरोखरच त्या मर्यादेतली असेल तर मोटार विमा तिला सहसा मिळत नाही. सायकलींसाठी काही कंपन्यांचा वेगळा विमा असतो, तो चालेल का ते विचारता येईल. पण सासऱ्यांच्या बाबतीत मी आधी त्यांचा अपघाती विमा बघेन आणि त्यात त्यांचं वय बसतं का ते विचारेन. गाडी पन्नास हजारांची आहे, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर हॉस्पिटलचं बिल त्याच्या कितीतरी पुढे जातं.